वसईचे संत गोन्सालो गार्सिया अथवा नम्रतेची वाट



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र लिहून द्यावें, अशी प्रेमाची आज्ञा ज्युबिली-समितीनें मला केली. चरित्र कोणाचें लिहावें याचा विचार मी करीत असतांच समितीपुढें एक लहानसा वाद उपस्थित झाला. मंदिराच्या दर्शनी भिंतींत जी संगमरवरी पाटी बसवावयाची, तिच्यावर देणगीदारांचीं नांवें कोणत्या क्रमानें कोरावीं, हा तो वाद. कोणी म्हणत, रकमेचा क्रम धरावा; कोणी म्हणत, घराण्याच्या जुनेपणाचा धरावा. जे दोन शेजारी वीस वर्षें एकाच बाकावर बसून पवित्र मिस्सा ऐकत आले, ते त्या रविवारपासून दोन निराळ्या बाकांवर बसूं लागले. मी त्यांस दोष देत नाहीं. कारण याच स्मरणिकेंत माझें छायाचित्र कितव्या पानावर यावें, हा विचार माझ्याहि मनांत येऊन गेला, हें मीं येथें कबूल केलेंच पाहिजे. असो. या वादामुळें माझा प्रश्न मात्र आपोआप सुटला. ज्या पुरुषाला आयुष्यभर मागचीच जागा मिळाली आणि ज्यानें ती आनंदानें स्वीकारली, अशा आपल्याच मातींतील एका संताची कथा सांगावी, असें मीं ठरविलें.

गर्वाची कीड

ख्रिस्तसभेच्या थोर आचार्यांनीं सर्व पापांचें मूळ म्हणून गर्वाकडे बोट दाखविलें आहे. इतर पापें वाईट कृत्यांवर वाढतात. गर्व मात्र सत्कृत्यांवर वाढतो, आणि म्हणूनच तो ओळखूं येत नाहीं. आपण वऱ्हाडांतील माणसें कपाशीचें पीक काढतों. आपणांस हें समजावून सांगावयास नको. बोंडअळी बांधावरच्या गवताकडे पाहत नाहीं. ती भरत्या बोंडांत शिरते. बाहेरून बोंड टवटवीत दिसतें, आणि वेचणीच्या वेळीं उघडून पाहावें तों आंत सडका, डागाळलेला कापूस! गर्वाचेंहि तसेंच आहे. दान, उपवास, प्रार्थना, मंदिराची सेवा हीं आपल्या जीवनाचीं भरलेलीं बोंडें होत. आणि नेमका तेथेंच हा किडा आपलें घर करितो. मंदिरांत उभा राहून देवाला आपल्या पुण्याईचा हिशेब ऐकविणारा परुशी आणि मागें उभा राहून ऊर बडविणारा जकातदार, यांचा दाखला प्रभु येशूनें दिला तो चोरदरोडेखोरांसाठीं नव्हे. तो तुम्हां-आम्हां मंदिरांत येणाऱ्यांसाठींच दिला.

वसईचा मुलगा

मलकापूर किंवा शेगांव स्टेशनावर मुंबईकडे जाणाऱ्या आगगाडींत बसावें, आणि मुंबईहून उत्तरेकडे थोडें गेलें म्हणजे समुद्रकांठीं वसई लागते. नारळी-पोफळींच्या आणि केळींच्या बागांनीं वेढलेलें हें ठिकाण गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें इ. स. १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या स्वाधीन केलें. पुढें तेथें भक्कम किल्ला उभा राहिला, आणि किल्ल्याच्या आंत फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंनीं मंदिरें व मठ बांधले. याच वसईंत इ. स. १५५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज आणि माता येथलीच, अशी परंपरा आहे. म्हणजे राज्यकर्त्यांच्या पंक्तींत तो पुरता बसत नव्हता, आणि रयतेच्या पंक्तींतहि पुरता बसत नव्हता. ज्या काळीं रक्ताच्या शुद्धतेचा मोठा अभिमान मिरविला जात असे, त्या काळीं अशा मुलाच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या शाळेंत या मुलाचें शिक्षण झालें. फादर सेबास्तियन गोन्साल्विस नांवाच्या धर्मगुरूंचा त्याच्यावर लोभ होता. इ. स. १५७२ सालीं हे धर्मगुरु जपानकडे जावयास निघाले, तेव्हां त्यांनीं पंधरा वर्षांच्या गोन्सालोला आपल्याबरोबर घेतलें. संत फ्रान्सिस झेविअर यांनीं इ. स. १५४९ सालीं जपानच्या भूमीवर पाऊल ठेवलें होतें. त्यास अजून पुरीं पंचवीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. मान्सूनच्या वाऱ्यावर अवलंबून असलेलीं तीं शिडांचीं जहाजें, महिनोगणती चालणारा तो प्रवास, वादळें, रोगराई, चांचे लोक, आणि पुढें अनोळखी देश! आपल्या घरचा पंधरा वर्षांचा मुलगा नोकरीसाठीं पुण्यास जावयाचा झाला तरी आपल्या आयाबहिणींचे डोळे भरून येतात. गोन्सालोची माता त्या दिवशीं वसईच्या किनाऱ्यावर उभी असेल, तर पुत्राचें मुख आपणांस पुन्हां दिसेल, अशी आशा तिला फारशी धरवली नसेल.

बंद राहिलेलें दार

जपानांत पोहोंचल्यावर या मुलानें तेथील भाषा लवकर आत्मसात केली. जपानी भाषा परकीयांस किती अवघड! बोलणारा कोण, ऐकणारा कोण, मोठा कोण, लहान कोण, यांवर तिच्यांत शब्द बदलतात. परंतु गोड स्वभावाचा हा वसईकर तरुण थोड्याच काळांत त्या लोकांशीं त्यांच्यासारखें बोलूं लागला आणि त्यांचीं मनें त्यानें जिंकलीं. सुमारें आठ वर्षें त्यानें येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ राहून धर्मशिक्षकाचें काम केलें. मुलांना प्रार्थना शिकवाव्या, स्नानसंस्काराची तयारी करून घ्यावी, धर्मगुरूंचें बोलणें लोकांना समजावून द्यावें, असें तें काम होतें.

त्याच्या मनांत एकच इच्छा होती. आपण येशूसंघांत प्रवेश करून देवाला सर्वस्व वाहावें, ही ती इच्छा. त्यानें ती व्यक्त केली, वाट पाहिली, पुन्हां वाट पाहिली. परंतु तें दार त्याच्यासाठीं उघडलें नाहीं. ज्यांच्या शाळेंत तो लहानाचा मोठा झाला, ज्यांच्याबरोबर तो घरदार सोडून आला, ज्यांच्या कार्यांत त्यानें आपलें तारुण्य वेंचलें, त्यांच्याच घरांत त्याला घरचा माणूस म्हणून जागा मिळाली नाहीं.

वाचकहो, येथें क्षणभर थांबूं या. यशामुळें येणारा गर्व सर्वांना दिसतो. परंतु नकारामुळें येणारा गर्व फार थोड्यांना दिसतो. नकार मिळालेल्या माणसाच्या मनांत एक लहानसें न्यायालय बसतें. त्यांत तो स्वतःच फिर्यादी, स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश असतो. आणि निकाल प्रत्येक वेळीं त्याच्याच बाजूनें लागतो. हें मी पुस्तकांतून सांगत नाहीं. तरुणपणीं मला उच्च शिक्षणासाठीं पाठवावें, अशी माझी फार इच्छा होती. पाठविण्यांत आलें तें दुसऱ्यास, आणि मला मिळालें तें घाटाखालचें एक दूरचें खेडें. मीं आज्ञा पाळली खरी. पण मनांतल्या त्या न्यायालयाचें काम पुढें कित्येक वर्षें चालू राहिलें. मी मिस्सा अर्पण करीत होतों, आणि मनांत कुरकुरत होतों. आज्ञापालन माझ्या पायांनीं केलें होतें. हृदयानें केलें नव्हतें.

त्या खेड्यांत एक वृद्ध धर्मशिक्षक होते. लोक त्यांना मास्तर म्हणत. वैशाखाच्या उन्हांत ते तीन-तीन कोस पायीं जाऊन आजाऱ्यांजवळ प्रार्थना म्हणत. तुम्हांला कधीं धर्मगुरु व्हावेंसें वाटलें नाहीं काय, असें मीं त्यांस एकदां विचारलें. फार वाटलें होतें, पण घरच्या स्थितीमुळें तें झालें नाहीं, असें त्यांनीं सांगितलें, आणि सांगतां सांगतां ते विहिरीवरून माझी घागर भरून घेऊन आले. त्यांच्या स्वरांत दुःख नव्हतें असें नाहीं. तक्रार मात्र नव्हती. त्या दिवशीं मला माझी लाज वाटली. पुढें संत गोन्सालो यांचें चरित्र वाचतांना मला प्रत्येक वेळीं त्या मास्तरांची आठवण होत आली आहे.

व्यापारी गोन्सालो

दार उघडलें नाहीं, तेव्हां गोन्सालोनें जपान सोडलें आणि मकावच्या बाजूला जाऊन व्यापार आरंभिला. भाषा येत होती, माणसें ओळखीचीं होतीं, शब्दाला तो पक्का होता. व्यापार भरभराटीला आला आणि निरनिराळ्या बंदरांत त्याच्या पेढ्या निघाल्या. खामगांवच्या कापसाच्या बाजारांत ज्यांनीं उलाढाल पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे कीं, भाव चढता असला म्हणजे माणसाची मानहि चढती असते. रेशीम, रुपें व मसाले यांच्या त्या पूर्वेकडील व्यापारांत थोड्या वर्षांत मोठें द्रव्य हातीं येत असे. ज्यांनीं आपणांस नाकारलें त्यांना आपलें वैभव दाखवावें, असा मोह या वेळीं कोणालाहि पडला असता.

परंतु व्यापारानिमित्त फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरीं त्याच्या वारंवार खेपा होऊं लागल्या, आणि तेथें त्याची ओळख संत फ्रान्सिस असिसीकरांच्या अनुयायांशीं झाली. अनवाणी पाय, जाडेंभरडें वस्त्र, कमरेला दोरी, आणि हातांत कांहीं नाहीं, असे ते लोक. ज्या माणसाच्या वखारी मालानें भरल्या होत्या, त्याला या रिकाम्या हातांच्या माणसांजवळ कांहींतरी असें दिसलें, जें आपल्या वहीखात्यांत कोठेंच जमा नाहीं. शेवटीं त्यानें व्यापार आवरला आणि फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश मागितला. या वेळीं दार उघडलें.

पण कोणत्या पदासाठीं? धर्मगुरुपदासाठीं नव्हे. ते झाले साधे बंधु. मठांतील बंधूनें स्वयंपाक करावा, दार उघडावें, भिक्षा मागावी, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी. वेदीवर उभें राहण्याचा मान त्याला नाहीं, व्यासपीठावरून उपदेश करण्याचा नाहीं. तरुणपणीं दार बंद झालें म्हणून मनांत अढी धरून बसलेल्या माणसाला ही शेवटची जागा गोड लागली नसती. गोन्सालो यांना ती लागली, यावरूनच त्यांच्या मनांतील न्यायालय केव्हांच उठलें होतें, हें आपण ओळखावें.

दोन माणसें समोरासमोर

त्या काळीं जपानचा सर्वसत्ताधीश होता तोयोतोमी हिदेयोशी. या माणसाचेंहि चरित्र विलक्षण आहे. तो एका गरीब पायदळ शिपायाच्या घरीं जन्मला. तरुणपणीं तो आपल्या धन्याच्या वहाणा सांभाळीत असे, अशी आख्यायिका आहे. बुद्धीच्या व शौर्याच्या बळावर चढत चढत इ. स. १५९० पर्यंत त्यानें सर्व जपान आपल्या अंमलाखालीं आणला, आणि इ. स. १५९२ सालीं चीन जिंकण्याच्या ईर्ष्येनें कोरियावर सैन्य पाठविलें. फिलिपाईन्सनेंहि आपल्यापुढें मान तुकवावी, अशी त्याची मागणी होती. तिला उत्तर म्हणून मनिलाच्या गव्हर्नरानें इ. स. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना वकील करून पाठविलें. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून निवड झाली बंधु गोन्सालो यांची. ज्या देशांतून ते मन दुखावून गेले होते, त्याच देशांत देवानें त्यांना परत आणलें.

क्यूशू बेटावरील नागोया येथील छावणींत हिदेयोशीनें या वकिलांची भेट घेतली. एका बाजूला गवती छपराखालून निघून सिंहासनापर्यंत चढलेला माणूस, आणि दुसऱ्या बाजूला पेढीवरून उठून भिक्षापात्रापर्यंत आपण होऊन उतरलेला माणूस. एक खालून वर गेला आणि खालचें सर्व विसरला. दुसरा वरून खालीं आला आणि त्याला कशाचीच उणीव भासली नाहीं. एकाच्या शब्दानें हजारों माणसांचे प्राण जात. दुसऱ्याला स्वतःचा असा शब्दच नव्हता.

दुभाष्याचें काम हें नम्रतेचें उत्तम उदाहरण आहे. तो दोघांच्या मध्यें उभा असतो, सर्वांचे कान त्याच्याकडे असतात, तरी बोलणें दुसऱ्याचें असतें. त्यानें त्यांत स्वतःचें कांहीं मिसळलें तर तो बेइमान ठरतो. आणि भीतीनें त्यांतलें कांहीं गाळलें तरीहि बेइमानच ठरतो. बंधु गोन्सालो त्या बलाढ्य पुरुषापुढें न डगमगतां बोलले. यावरून एक मोठी गोष्ट आपण शिकावी. नम्रता म्हणजे भित्रेपणा नव्हे, आणि आपल्याला कांहीं येत नाहीं असें खोटेंच म्हणत राहणें ही तर नम्रता मुळींच नव्हे. ज्याला भाषा येते त्यानें मला येत नाहीं म्हणणें हें असत्य आहे. आणि ती देवानें दिली हें विसरणें हेंहि असत्यच आहे. नम्रता म्हणजे सत्य. देवापुढें आपण जेवढे आहों तेवढेच असावें, त्याहून अधिक नाहीं आणि उणेंहि नाहीं.

या भेटीनंतर फ्रान्सिस्कनांना मियाको येथें, म्हणजे हल्लींच्या क्योतो शहरीं, राहण्याची परवानगी मिळाली. इ. स. १५९४ सालीं तेथें देवदूतांच्या राणीच्या नांवानें लहानसें मंदिर उभें राहिलें. आणि त्याच्या शेजारीं संत अन्ना व संत योसेफ यांच्या नांवांचीं दोन रुग्णालयें निघालीं. त्यांत मुख्यतः महारोगी असत. ज्यांच्या अंगावरून वारा आला तरी लोक दूर पळत, त्यांचे व्रण धुणें हें या मठवासीयांचें नित्याचें काम झालें. राजदरबारांत दुभाषी म्हणून उभें राहिलेले बंधु गोन्सालो या रोग्यांमध्येंहि वावरले. प्रभूनें शेवटच्या भोजनाच्या रात्रीं शिष्यांचे पाय धुतले, त्याचा अर्थ अशा कामांत उलगडतो.

निशिझाकाची टेकडी

इ. स. १५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे जात असतां वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यांतील मोलाचा माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनीं जप्त केला. या जहाजावरील एका सुकाणूदारानें आपल्या राजाच्या विशाल साम्राज्याची बढाई मारली, आणि आधीं धर्मगुरु जातात व मागून सैन्य येतें अशा अर्थाचें कांहीं तो बोलून गेला, असें म्हणतात. याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. तो शब्द बोलला गेला असो वा नसो, हिदेयोशीचा क्रोध भडकला. डिसेंबरांत मियाको व ओसाका येथील मठांभोवतीं पहारे बसले, आणि चोवीस जणांना मरणाची शिक्षा ठरली.

३ जानेवारी १५९७ रोजीं मियाको येथें या सर्वांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला, आणि गाड्यांत बसवून रस्त्यारस्त्यांतून त्यांची धिंड काढण्यांत आली. पुढें ऐन हिवाळ्यांत, बर्फाच्या दिवसांत, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. या प्रवासास जवळजवळ महिना लागला. वाटेंत त्यांची सेवा करीत येणाऱ्या दोघांनाहि पकडून त्यांच्यांत घालण्यांत आलें, आणि संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय, आणि सतरा जपानी प्रापंचिक, असे ते सव्वीस जण होते. प्रापंचिकांत तीन मुलगे होते: बारा वर्षांचा लुईस इबाराकी, तेरा वर्षांचा आंतोनियो, आणि चौदा वर्षांचा थोमास कोझाकी. थोमासचा पिता मिगेल हाहि त्यांच्यांतच होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका रांगेंत मांडून ठेवले होते. बंधु गोन्सालो तेथें प्रथम पोहोंचणाऱ्यांत होते, असें जुन्या वृत्तांतांत सांगितलें आहे. एका क्रूसापाशीं जाऊन हा माझा काय, असें त्यांनीं विचारलें. हा तुमचा नव्हे, असें सांगून पहारेकऱ्यांनीं त्यांना दुसऱ्या क्रूसाकडे नेलें. तेव्हां त्यांनीं तेथें गुडघे टेकून त्या क्रूसाला आलिंगन दिलें. वाचकहो, हा प्रसंग मला सर्व चरित्राचें सार वाटतो. तरुणपणीं ज्या दाराशीं ते गेले, तें त्यांच्यासाठीं नव्हतें. मरणाच्या दिवशीं ज्या क्रूसाशीं गेले, तोहि त्यांचा निघाला नाहीं. दोन्ही वेळां जें दिलें गेलें तें त्यांनीं हृदयाशीं धरलें. आपल्याला देवासाठीं कष्ट सोसावयाचे असतात खरे. पण क्रूस आपण निवडलेला असावा, असा आपला हट्ट असतो. नम्र मनुष्य दाखवून दिलेला क्रूस घेतो.

त्या रांगेंत त्यांच्याबरोबर येशूसंघाचे पाउल मिकी, योहान गोतो व याकोब किसाई हे तिघे होते. यांतील योहान व याकोब यांना मरणाच्या कांहीं काळच आधीं संघांत घेण्यांत आलें होतें. गोन्सालो यांना ज्या घरांत जागा मिळाली नव्हती, त्या घरचे हे तिघे त्यांच्याच पंक्तींत मरावयास उभे होते. संघ दोन, क्रूस एकाच लांकडाचे. पाउल मिकी यांनीं क्रूसावरून आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली. मग प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनीं भाले चालले. गोन्सालो तेव्हां चाळीस वर्षांचे होते.

उंच कोण झालें?

पुढच्याच वर्षीं, इ. स. १५९८ च्या सप्टेंबरांत, हिदेयोशी वारला. आपल्या सिंदखेडराजास जिजाबाईंचा जन्म झाला तो याच १५९८ सालीं, असें मानतात. यावरून हा काळ आपणांस जवळचा वाटेल. हिदेयोशीनें मांडलेलें कोरियाचें युद्ध त्याच्या मृत्यूबरोबर निष्फळ संपलें, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या घराण्याची सत्ता दुसऱ्यांच्या हातीं गेली. इकडे इ. स. १६२७ सालीं पोप आठवे उर्बन यांनीं या हुतात्म्यांस धन्य म्हणून जाहीर केलें, आणि ८ जून १८६२ रोजीं, पवित्र आत्म्याच्या सणाच्या दिवशीं, पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. अशा रीतीनें वसईचा हा साधा बंधु भारतभूमींत जन्मलेला पहिला संत ठरला. मरणानंतर दोनशें पासष्ट वर्षें लागलीं. नम्र माणसाला घाई नसते; देवालाहि नसते.

वसईचा किल्ला इ. स. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या सैन्यानें घेतला, आणि कालांतरानें त्यांतील मंदिरें ओस पडलीं. भिंती पडल्या, पण संताचें नांव वसईकरांच्या मुखीं राहिलें. निशिझाकाच्या टेकडीवर इ. स. १९६२ सालीं सव्वीस हुतात्म्यांचें स्मारक उभारण्यांत आलें. त्यावर सव्वीसहि जण एका ओळींत आहेत. कोणी पुढें नाहीं, कोणी मागें नाहीं. त्यांचा सण आपण ६ फेब्रुवारीस पाळतों.

आतां आपल्या संगमरवरी पाटीकडे वळूं या. या मंदिराच्या पायासाठीं ज्या माउल्यांनीं डोक्यावर घमेलीं वाहिलीं, त्यांचीं नांवें कोणत्याहि यादींत नाहींत. ज्या धर्मशिक्षकांनीं घाटावर व घाटाखालीं गांवोगांव पायपीट करून आपल्या आजोबा-आजींना क्रूसाची खूण करावयास शिकविलें, त्यांतील कित्येकांची कबरहि आज सांपडत नाहीं. त्यांचीं नांवें जेथें लिहिलीं आहेत, तेथें क्रमावरून वाद होत नाहीं. माझी समितीस विनंति आहे कीं, पाटीवर देवाचें गौरव, मंदिराच्या संताचें नांव आणि ज्युबिलीचें वर्ष एवढेंच असावें. देणगीदारांची नोंद वहींत राहूं द्यावी.

माझें छायाचित्रहि मीं या स्मरणिकेंतून काढून घेतलें आहे. परंतु तें काढून घेतल्याबरोबर, पाहा मी किती नम्र, असा विचार माझ्या मनांत आलाच! तेव्हां सांगतों तें एवढेंच कीं, गर्वाशीं लढा एका दिवसांत संपत नाहीं. तो शेवटच्या श्वासापर्यंत चालतो, आणि तो आपल्या बळानें जिंकतां येत नाहीं. म्हणून वारंवार पापनिवेदन करावें, ज्यांनीं आपणांस नाकारलें त्यांच्यासाठीं रोज एक नमो मरिया म्हणावी, आणि कोणाला कळणार नाहीं असें एक तरी काम रोज करावें. घाटावर पडलेला पाऊस घाटमाथ्यावर थांबत नाहीं. तो पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरतो आणि खालचीं शेतें पिकवितो. देवाची कृपाहि तशीच सखल जागा शोधीत असते.

शेवटीं त्या दोन शेजाऱ्यांना, त्यांचीं नांवें न घेतां, एक प्रेमाची विनंति. ज्युबिलीच्या मिस्साला आपण आपल्या जुन्या बाकावर एकत्र बसावें. आधीं कोणी उठून जावें, हा प्रश्न येईल. जो आधीं उठेल, त्यानें या संताचें चरित्र माझ्यापेक्षां चांगलें वाचलें, असें मी समजेन.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठीं विनंति कर.